मंगळवारचं वजन

२ जानेवारी २००८, बुधवार

चि. पराग यास अनेक आशीर्वाद. पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. तू दिवाळीपासून वाट बघत असशील. इकडे सर्व

एवढं लिहून कागद बाजूला ठेवला. इकडे सर्व काय? घरात दर मंगळवारी एक बाई येते आणि तुझ्या मुलीला झोळीत घालून काट्याला टांगते, हे लिहायचं? तुझी बायको बाळाकडे पाठ करून झोपते, हे लिहायचं? मस्कतला एसी दुरुस्त करत बसलेला मुलगा त्यावर काय करणार आहे? शुक्रवारी त्याला सुटी असते, तेव्हा फोन करतो. पण फोन रुचिताच्या उशाशी. तिच्यादेखत काय बोलणार?

छापखान्यात बांधणीखात्यात होतो तेव्हा उरलेल्या कागदाच्या वह्या बांधायचो. त्यातली ही शेवटची. हिच्यात लिहून ठेवतो. पराग सुटीवर आला की हातात देईन. उद्या माझ्यावर आळ नको.

सुरुवातीपासून लिहितो. नात सान्वी ऑक्टोबरात झाली, तीन आठवडे आधी. वजन दोन किलो शंभर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माणगावला विहीणबाईंचा पाय मोडलेला, म्हणून सगळं माझ्या गळ्यात आलं. बायको असती तर गोष्ट वेगळी. इस्पितळात सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. नर्सने बाळ पुढे केलं की म्हणायची, नंतर. तिथल्या कोणीतरी ते लिहून घेतलं आणि डिसेंबरात दारात सुचेताताई उभी. कुठल्याशा संस्थेची. ज्या तान्ह्या बाळांची घरात हेळसांड होण्याची भीती असते त्यांच्याकडे म्हणे ही माणसं जातात. हेळसांड झाल्यावर नाही, आधीच. म्हणजे चोरी व्हायच्या आधी पोलीस. माझ्या घरात.

मी विचारलं, आमची तक्रार कुणी केली? तर म्हणाली, तक्रार नाही आजोबा, यादी आहे.

मी तिचा आजोबा नाही. आणि साठ वर्षांत माझं नाव कुठल्या यादीत गेलेलं नाही, रेशनची सोडून.

काल ती चौथ्यांदा आली. बाळाचं काही करत नाही. रुचिताच्या शेजारी बसते आणि म्हणते, बघ, ती तुझ्याकडे बघतेय, तिला तुझं नाव सांग. मी बाहेरच्या खोलीत होतो. मग रुचिता म्हणाली, मी रुचिता. आणि हसली. आईने बाळाला नाव सांगायचं, हे काय शिक्षण झालं? तांबडा खुळखुळा हलवला तर सान्वीने मान वळवली, त्याचंसुद्धा त्या बाईने कौतुक करून लिहून घेतलं. वजन तीन किलो चारशे.

या घरात ती सून माझ्याशी बोलताना कधी हसलेली नाही.

४ जानेवारी, शुक्रवार

परागचा फोन आला. सर्व ठीक म्हणून सांगितलं. रुचिताने घेतला आणि हो, नाही, बरं, एवढे तीन शब्द बोलून ठेवला.

रक्तदाब वाढला असावा. कानात आवाज येतो. कारण असं की संध्याकाळी बागेतल्या बाकावर रोजच्या बैठकीतला बबन भेटला. तो म्हणाला, मीरा रोडला त्याच्या मेहुणीच्या बिल्डिंगमध्ये असंच एक बाळ होतं. अशाच बायका यायच्या. तीन लाल खुणा झाल्या आणि मूल उचलून नेलं, आश्रमात ठेवलं. मेहुणीने स्वतः पाहिलं का, असं विचारलं तर तो चिडला. म्हणाला, तू बस विचारत.

मी आठवून पाहिलं. मंगळवारी बाळ रडायला लागलं तेव्हा सुचेताताई घड्याळ बघत होती. रुचिताने उचललं तेव्हा परत घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं. चार मिनिटं. म्हणजे लाल खूण ही रडण्याची. बाळ रडलं आणि आई उठली नाही की खूण. सान्वी रडते पुष्कळ, आणि रुचिता उठते सावकाश. वरच्या मजल्यावरून परवाच निरोप आला होता की तुमचं पोरगं संध्याकाळभर केकाटतं.

मूल गेलं तर परागला काय तोंड दाखवू? मी घरात असताना गेलं म्हणतील. रुचिताला काय, ती माणगावला निघून जाईल.

बाळ रडलंच नाही तर खूण कशी करील?

७ जानेवारी, सोमवार

भाईंदर पश्चिमेला जाऊन काष्ठौषधीच्या दुकानातून बाळगुटीचं सामान आणलं. हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, जायफळ, आणखी चारपाच काड्या. दुकानदाराने विचारलं, बच्चा कितने महिने का? मी म्हटलं, तीन होतील. त्याने पुडी बांधून दिली. बायकोची सहाण माळ्यावर होती, ती धुतली.

सुचेताताईने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. माझ्या बायकोने पराग गुटीवर वाढवला. तो आज मस्कतला आहे. या बाईचं स्वतःचं मूल आहे की नाही तेसुद्धा मला माहीत नाही.

बायको सहाणेवर एकेक काडी फिरवायची आणि तोंडाने वेढे मोजायची, ते आठवतं. कशाचे किती, ते मात्र कधी विचारलं नाही. पुरुष माणूस कशाला विचारील? जायफळाने बाळ शांत निजतं, एवढं पक्कं ठाऊक आहे.

८ जानेवारी, मंगळवार

जमलं. सकाळी रुचिता न्हाणीघरात गेली तेव्हा दुधात उगाळून चमच्याने पाजलं. बाकीच्यांचे एकेक वेढे, जायफळाचे चार. सान्वीने तोंड वाकडं केलं, पण गिळलं. सुचेताताई अकराला आली, साडेबाराला गेली. तेवढ्या वेळात बाळ एकदाही रडलं नाही. घड्याळ बघायची वेळच आली नाही तिच्यावर.

तरी बाईचं समाधान नाही. खुळखुळा हलवला, टाळी वाजवली, तळपायाला टिचकी मारली. सान्वी आपली निजलेली. वजन तीन किलो साडेचारशे. आठवड्यात पन्नास ग्रॅमच वाढलं म्हणून कपाळाला आठ्या. रुचिताला विचारलं की दिवसात किती वेळा पाजतेस. रुचिता म्हणाली, आज सकाळपासून उठलीच नाही ती. त्यावर बाईने अर्धं पान लिहिलं.

रडलं तर लिहायचं, निजलं तर लिहायचं. मी चहासुद्धा विचारला नाही.

११ जानेवारी, शुक्रवार

गुटी रोज चालू ठेवली आहे. एक दिवस देऊन सोडली तर लागू पडत नाही. घरात शांतता आहे. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, आता गुणाची झाली हो तुमची नात. बरं वाटलं.

आज रुचिता गॅलरीत कपडे वाळत घालत होती तेवढ्यात फोन आला, म्हणून परागला थोडं सांगितलं. की तुझी बायको बाळाला वेळेवर पाजत नाही, वजन वाढत नाही, संस्थेची बाई लिहून नेते. मग त्याने तिला बोलावून घेतलं आणि तिकडून इतका ओरडला की मला बाहेर ऐकू आलं. "घरात बसून एक पोर सांभाळता येत नाही तुला?"

कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

रात्री ती जेवली नाही. मी एकट्यानेच जेवलो.

१५ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सान्वीचं बोरन्हाण केलं. मीच आग्रह धरला. पहिली संक्रांत आहे, चार बायकांनी पाहिलं पाहिजे की या घरात लेकराचं सगळं होतं. रुचिता म्हणाली, रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, आज मला बरं नाही. तुला कधी बरं असतं, असं मी म्हटलं. मग तिने काळं झबलं काढलं.

बायका जमणार, गडबड होणार, बाळ भेदरून रडणार. शिवाय मंगळवार. म्हणून सकाळी जायफळाचे आठ वेढे दिले.

अंबिका आली होती. ती नवघर गावातली, आमच्याच वयाची, रोज सकाळी बाळाला तेल लावून न्हाऊ घालते. शेजारच्या पाचसहा जणी होत्या. हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार घालून सान्वीला रुचिताच्या मांडीवर बसवलं आणि वरून बोरं, कुरमुरे, उसाचे तुकडे, हरभरे ओतले. बोरं कपाळाला लागली तरी तिने डोळा उघडला नाही. मान एका बाजूला. बायका हसल्या. एक म्हणाली, राणीसाहेबांना आमचा दरबार आवडला नाही वाटतं. सगळ्यांनी तिळगूळ घेतला.

सुचेताताई उंबऱ्यात उभी होती. ती हसली नाही. अंबिकासुद्धा हसली नाही, हे आता लिहिताना आठवतं.

बायका गेल्यावर काट्याला टांगलं. तीन किलो साडेचारशे. तसंच. मग ती बाई रुचिताला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी दाराआड होतो. माझ्या घरात मला दाराआड उभं राहावं लागतं.

तिने हळू आवाजात विचारलं, "तिला झोपेचं काही देतेस का? खरं सांग. मी रागावणार नाही."

रुचिता म्हणाली, "नाही."

"बरीच मुलं पाहिली आहेत मी, रुचिता."

"मी काही देत नाही. मी तिला उठवते. ती उठत नाही."

झोपेचं म्हणजे डॉक्टरचं औषध. ते कोणी दिलेलं नाही. गुटी हे काही झोपेचं औषध नव्हे. म्हणून मी मध्ये पडलो नाही.

जाताना मी तिला तिळगूळ दिला नाही.

२१ जानेवारी, सोमवार

वॉचमनला सांगून ठेवलं की उद्यापासून त्या मॅडमला वर सोडायचं नाही. तो म्हणाला, अंकल, कुछ लफडा है क्या? मी म्हटलं, लफडा नाही, आमच्या घरचं आम्ही बघू.

दाराची कडी सैल झाली आहे. दोनदा घट्ट केली. गॅसचं बटण रुचिता नीट बंद करत नाही, मी उठून बघतो. आज तीन वेळा बघितलं.

२२ जानेवारी, मंगळवार

काय धीट आहे बघा. अकरा वाजता इंटरकॉम वाजला. मी उचलून म्हटलं, घरी कोणी नाही. रुचिताने ते ऐकलं. अंगात गाऊन, केस मोकळे, पायांत काही नाही, अशी तीन मजले उतरून खाली गेली आणि त्या बाईला हाताला धरून वर घेऊन आली. ऑक्टोबरपासून जी पायरी उतरली नव्हती ती. सगळ्या बिल्डिंगने पाहिलं असेल.

मी म्हटलं, "हे घर माझं आहे."

सुचेताताई म्हणाली, "घर तुमचंच आहे, आजोबा. काटा माझा आहे. दहा मिनिटं द्या."

तीन किलो चारशे. खाली गेलं. तीन आठवड्यांपूर्वी होतं तेवढंच.

मग बाई सरळच बोलली. शुक्रवारी इस्पितळात यायचं. बाळाला ठेवून घेतील. आईला काही दिवस भेटता येईल, पण पाजणं, निजवणं नर्स बघेल. बाळ आईपासून लांब राहून सुधारलं तर पुढे काय करायचं ते तिथले लोक बसून ठरवतील.

रुचिता तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, ती माझ्याकडे बघते म्हणून?"

बाईने काटा गुंडाळला.

बबन म्हणाला तसंच झालं. तीन खुणा. मी इतकं करून.

आणि खरं लिहायचं तर एक क्षण मला वाटलं, बरं झालं, आता हिला कळेल. मग लगेच वाटलं की असं वाटायला नको होतं.

२३ जानेवारी, बुधवार

सकाळी अंबिकाने बाळाला पाटावर घेतलं, तेल लावता लावता थांबली आणि तिच्या तोंडाचा वास घेतला. मग उठून ओट्यापाशी गेली. सहाण धुऊन खिडकीत उपडी ठेवली होती. ती तिने उचलून नाकाला लावली. रुचिता आंघोळीला गेलेली.

म्हणाली, "भाऊ, ही पोर झोपलेली न्हाय. गुंगलेली हाय. कोन देतंय हिला?"

मी म्हटलं, गुटी देतो, सगळेच देतात.

"जायफळाचं किती येढे?"

मी म्हटलं, आठ, संक्रांतीपासून रोज.

तिने कपाळावर हात मारला. तेलाचा हात, कपाळ चकचकीत झालं. म्हणाली, "एक. एकच येढा, त्यो पन नुसता टेकल्यावानी, आन रोज न्हाय. आठ दिवस तू हिला आठ येढे देतोस? आरं, पोर उठंल कशी? पिईल कशी? आन सगली जनं त्या पोरीला बोलतान." पोरीला म्हणजे रुचिताला.

मी म्हटलं, हळू बोल. ती म्हणाली, मी कशाला हळू बोलू? पण बोलली नाही पुढे. बाळाला न्हाऊ घालून निघून गेली. आज तिने चहा घेतला नाही.

बायका काहीही बोलतात. खातरी करायची म्हणून ती गेल्यावर मी स्वतः दुधात आठ वेढे जायफळ उगाळून प्यालो. दुपारपर्यंत वाट बघितली. काही झालं नाही. झोप नाही, जडपणा नाही. म्हटलं, बघा.

मग लक्षात आलं. मी बासष्ट किलोचा आहे. ती तीन किलो चारशे.

सगळी पुडी कचऱ्याच्या गाडीत टाकून आलो.

२४ जानेवारी, गुरुवार

काल गुटी दिली नाही, आज दिली नाही. पहाटेच सान्वी रडली. असा आवाज तिला आहे हे मी विसरलो होतो. मी घड्याळ बघितलं. एक मिनिट व्हायच्या आत रुचिताने उचललं. पाजलं. तासाभराने पुन्हा रडली, पुन्हा उचललं. दिवसभर असंच. मधे रुचिताचा आवाज आला, "अगं हो, मी रुचिता. तीच मी."

आता कोणाला काही सांगायची गरज काय? बाळ सुधारेल. उद्या इस्पितळात बघतील आणि म्हणतील, हे तर चांगलं आहे. प्रश्न मिटला. मी आठ दिवसांनी सांगेन, किंवा पराग आल्यावर सांगेन.

हे लिहून मी दोनदा वाचलं. रुचिताला काय म्हणतील? म्हणतील, पकडली गेली म्हणून द्यायचं थांबवलं.

तरी सांगितलं नाही. तिच्या दारापर्यंत गेलो होतो. तिने विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, गॅस बंद केलास ना?

२५ जानेवारी, शुक्रवार

इस्पितळ. लांब बाक. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सान्वीला तपासलं आणि म्हणाल्या, आज बरी जागी आहे. आणि लगेच रुचिताकडे वळल्या. तीन दिवसांत असं काय बदललं? मी भीत होतो तेच. सुचेताताई बाजूला उभी होती, तिने फॉर्म पुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं की आईने काय दिलं ते सांगायला नकार दिला. खाली सहीची जागा.

तेवढ्यात रुचिताच्या मोबाइलवर परागचा फोन. शुक्रवार ना. ती नुसती ऐकत राहिली. मग फोन माझ्याकडे न देता बंद केला आणि पेन घेतलं.

म्हणाली, "मीच वाईट असेन. तिला इथेच ठेवा." आणि तोंड भिंतीकडे केलं. अगदी ऑक्टोबरात करायची तसं. बाळ मांडीवर होतं, ते तिने धरलेलंसुद्धा नव्हतं. नुसतं होतं.

मी म्हटलं, "मी दिलं."

कोणाला कळलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं. जायफळ, आठ तारखेपासून, आधी चार वेढे, मग आठ, ती आंघोळीला जायची तेव्हा. का दिलं तेही सांगितलं, रडण्याचं, घड्याळाचं, लाल खुणांचं. सुचेताताई म्हणाली, कसल्या लाल खुणा? मी घड्याळ बघत होते कारण दर आठवड्याला ती लवकर उचलत होती. पहिल्यांदा अकरा मिनिटं, मग सात, मग चार. ते मला तिला दाखवायचं होतं.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. सुचेताताई माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "आजोबा, मी त्या मुलीला स्वयंपाकघरात विचारत होते आणि तुम्ही दाराआड उभे होतात. मला तुमचे पाय दिसत होते."

मग ती रुचिताकडे गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "माझं चुकलं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही." मोठ्या पगाराची नसेल, पण शिकलेली बाई. सगळ्यांसमोर म्हणाली.

रुचिताने तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग बाळाखाली हात घालून ते छातीशी घेतलं. म्हणाली, "आई आता काठी घेऊन चालते. माझ्या भावाला बोलवा."

२९ जानेवारी, मंगळवार

तीन किलो सहाशे. एका आठवड्यात.

घरात शेवटचं वजन. खुळखुळा हलवायच्या आधीच सान्वी त्या बाईच्या पिशवीकडे बघत होती. मी दारातून बघितलं, आत गेलो नाही. मला कोणी बोलावलं नाही.

ठरलं आहे ते असं. आई आणि बाळ तीन महिने माणगावला. तिथल्या आरोग्य केंद्रातली नर्स दर मंगळवारी घरी जाऊन वजन करील, सुचेताताईने बोलून ठेवलं आहे. बाळाला कोणी काय द्यायचं ते आई ठरवील. बाळ माझ्याजवळ एकटं राहू नये, असं कागदावर लिहिलं आहे. मी वाचलं. बबन म्हणायचा की बाळ घरातून नेतील. बाळ कुणी नेलं नाही. मला बाजूला ठेवलं.

मी सुचेताताईला म्हटलं, चहा घ्या. ती म्हणाली, आज नको.

तीनला गाडी आली. रुचिताचा भाऊ सामान उतरवत होता. मी हलव्याचे दागिने डब्यात घालून दिले, म्हटलं, बोरन्हाणाचे आहेत, ठेव. तिने डबा घेतला नाही.

मी विचारलं, "वजन कळवशील ना?"

"बघीन," म्हणाली. आणि मग जिन्यात थांबून, माझ्याकडे पाठ असतानाच, "तुम्ही मला एकदा विचारलं असतंत ना अण्णा, की तुला काय होतंय? ऑक्टोबरपासून एकदा."

मी तेव्हाही विचारलं नाही. गाडी निघाल्यावर सुचलं.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

परागला सगळं सांगितलं. आधीच थोडं कळलं होतं त्याला. मग म्हणाला, "मी तिला काय काय बोललो, अण्णा. तुमच्या शब्दावर."

फोन ठेवला त्याने. कट झाला नव्हता, ठेवलाच.

५ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा वाजता दोन कप आधण टाकलं. मग आठवलं. दोन्ही मीच प्यालो.

वरच्या बाई जिन्यात म्हणाल्या, नात दिसत नाही? आवाजसुद्धा नाही. मी म्हटलं, आवाज होता तेव्हा तुम्हाला चालत नव्हता. त्या रागावून गेल्या.

अंबिका रस्त्यात भेटली. पुढे जाऊन परत वळून आली आणि म्हणाली, माणगावास्नं काय समजलं तं मना पन सांग. मी म्हटलं, मलाच समजत नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

दोन मंगळवार झाले. माणगावला फोन केला, रुचिताचा भाऊ म्हणतो, ठीक आहे, कळवू. किती ते सांगत नाही. उद्या रथसप्तमी. ही वही परागला द्यायची होती. आता सुरुवातीची पानं वाचवत नाहीत, पण फाडणार नाही. बांधलेल्या वहीतलं एक पान फाडलं की पलीकडचंही सुटतं.

आज पत्र पुरं केलं. त्याची नक्कल इथे करून ठेवतो.

सौ. रुचिता हिस अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झाला. आधीच लिहायला हवं होतं, त्याच्याही आधी विचारायला हवं होतं. तुला काय होत होतं ते मला अजून ठाऊक नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर नको. सहाण मी अंबिकाला देऊन टाकली. गॅस मीच चालू ठेवून विसरतो, हे आता एकटा असताना कळलं.

या पत्रात एक पोस्टकार्ड ठेवलं आहे. त्यावर माझा पत्ता मीच घातला आहे आणि पाठीमागे पट्टीने दोन रेघा मारल्या आहेत, एकीपुढे किलो, दुसरीपुढे ग्रॅम. बाकी एक अक्षरही लिहू नकोस, सहीसुद्धा नको. मंगळवारी नर्स येऊन गेली की दोन आकडे भरायचे आणि भावाकडे पेटीत टाकायला द्यायचं. बुधवारचं टपाल मला शनिवारपर्यंत मिळतं. एवढं लवकर कर.